मिटल्या ओठांची बाराखडी

१९९९ सालची गोष्ट आहे. माझे मामा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. उभे आयुष्य मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस. पण मोटर न्यूरॉनच्या आजाराने आधी त्यांच्या हातातला खडू गळू लागला, मग पाय गेले, मग जीभ जड झाली आणि पावसाळा संपता संपता तोंडातून शब्द उमटेनासा झाला. राहिले ते डोळे. या रोगात डोळ्यांचे स्नायू बहुधा अखेरपर्यंत साथ देतात. मामांची बुद्धीही शाबूत होती. सगळे कळत होते, सगळे आठवत होते, फक्त सांगता येत नव्हते.

मामींनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर वर्णमाला लिहिली. सात ओळी. पहिलीत स्वर, नंतर क, च, ट, त, प हे पाच वर्ग आणि सातव्या ओळीत 'य'पासून उरलेली सगळी अक्षरे. आधी ओळींवरून बोट फिरवायचे. हवी ती ओळ आली की मामा डोळे मिटत. मग त्या ओळीतल्या अक्षरांवरून बोट. मात्रेसाठी पुन्हा पहिल्या ओळीत यायचे. 'पाणी' हा साधा दोन अक्षरी शब्द घ्या. 'प'साठी सहा ओळी आणि एक अक्षर, 'आ'साठी एक आणि दोन, 'ण'साठी चार आणि पाच, 'ई'साठी एक आणि चार. म्हणजे एका 'पाणी'साठी मामींचे बोट चोवीस वेळा पुढे सरकायचे. पुढे पुढे 'पा' झाले की मामी तांब्या आणायला उठत, आणि कधी कधी मामांना पाणी नको, पाय सरळ करून हवा असे. मग पुन्हा पहिल्यापासून.

रात्री सोबतीला एक कानडी बाई असत. मराठी बोलणे त्यांना समजे, पण आपली अक्षरे वाचता येत नसत. म्हणून शेजारच्या एका गुरुजींकडून त्याच पुठ्ठ्याच्या मागल्या बाजूस कानडी लिपीत पाच-सहा शब्द लिहून घेतले. नीरु, नोवु असे. एकदा डोळे मिटले तर 'बेकु', दोनदा मिटले तर 'बेड'. दिवसा मराठी बाजू, रात्री कानडी बाजू. आपल्या भागातल्या घरांना यात नवल वाटायचे कारण नाही.

त्याच वर्षी मार्च महिन्यात 'नेचर' या ख्यातनाम विज्ञान-नियतकालिकात जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या नील्स बिरबाउमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक छोटे टिपण छापून आले होते. सोबत एका रुग्णाने लिहिलेले पत्र होते. रोग मामांचाच. हे पत्र लिहिताना त्याने बोट हलविले नव्हते की पापणी वापरली नव्हती. डोक्याच्या त्वचेवर चिकटविलेल्या इलेक्ट्रोडांनी त्याच्या मेंदूतला सूक्ष्म विद्युत्दाब मोजला, आणि तो दाब स्वतःच्या इच्छेने वरखाली करायला शिकून त्याने एकेक अक्षर निवडले होते. ही बातमी पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आली. तेव्हापासून या विषयाचा नाद लागला. मेंदू आणि संगणक यांच्यात थेट दुवा जोडण्याची ही विद्या कशी वाढली, याचा इतिहास विज्ञानाचा तर आहेच. पण मला तो सारखा लिपीचा आणि भाषेचा इतिहास वाटत आला आहे. त्या बाजूने तो सांगावा असा विचार आहे.

पापणीने बोलण्याची युक्ती जुनीच. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या १८४४ ते १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत नुआर्तिए नावाचा एक लुळा म्हातारा आहे. त्याची नात त्याच्यापुढे मुळाक्षरे म्हणते, मग शब्दकोश उघडून रकान्यावरून बोट फिरविते आणि तो डोळ्यांनी होकार देतो. मामींनी द्यूमा वाचलेला असणे शक्य नाही. अडचण सारखी असली की उपाय सारखे सुचतात. मेंदूच्या देठाशी आघात होऊन सर्व शरीर निश्चल झाले आणि भान मात्र पूर्ण जागे राहिले, या अवस्थेला वैद्यकात 'लॉक्ड-इन' हे नाव १९६६ साली प्लम आणि पोझ्नर या अमेरिकन डॉक्टरांनी दिले. आत कोंडला गेलेला माणूस. 'एल' या फ्रेंच मासिकाचे संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये असा झटका आला. डावी पापणी तेवढी त्यांच्या ताब्यात राहिली. त्यांच्यासाठी फ्रेंच अक्षरे नेहमीच्या क्रमाने न म्हणता ज्या अक्षराचा वापर जास्त ते आधी, अशा क्रमाने म्हटली जात. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खे पुस्तक सांगितले. मार्च १९९७ मध्ये ते पुस्तक निघाले आणि काही दिवसांतच ते गेले. अक्षरांचा क्रम भाषेच्या चालीप्रमाणे बदलला की श्रम वाचतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती कामास येणार आहे.

एक गैरसमज आताच दूर करतो. स्टीफन हॉकिंग यांचे यंत्र त्यांच्या मेंदूतले वाचत असे, असे शिकलेली माणसेही सांगतात. तसे नव्हते. २००१ च्या जानेवारीत ते मुंबईला आले तेव्हा हातातल्या खटक्याने पडद्यावरचे शब्द निवडीत असत. पुढे हात गेल्यावर गालाच्या स्नायूची हालचाल चष्म्याला लावलेले यंत्र टिपू लागले. कुठला तरी एक स्नायू शिल्लक होता. ज्याच्यापाशी तोही उरत नाही, किंवा उरला तरी तेवढ्यावर बोलणे फारच संथ होते, त्याच्यासाठी ही दुसरी वाट.

त्या वाटेची सुरुवात येना या जर्मन गावात झाली. त्याआधी १८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर विजेचे क्षीण प्रवाह नोंदविले होते. माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम कागदावर उमटविली ती हान्स बेर्गर यांनी. हा माणूस मोठा चमत्कारिक. विद्यार्थिदशेत लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. कारण बहिणीच्या मनाने घेतले होते की भावावर काहीतरी संकट आहे. मनातली भीती तारेशिवाय तिकडे पोहोचली कशी, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. विचाराच्या मागे असलेली ऊर्जा मोजायची म्हणून ते मेंदूच्या मागे लागले. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, फ्रीडरिश र्युकर्ट. नलदमयंतीची कथा संस्कृतातून जर्मन पद्यात नेणारे कवी. आपल्या वाचकांना हा धागा ठाऊक असावा म्हणून सांगितला, एरवी त्याचा विजेशी संबंध नाही.

६ जुलै १९२४ रोजी, कवटीच्या हाडात शस्त्रक्रियेची फट असलेल्या एका सतरा वर्षांच्या रुग्णावर बेर्गर यांना पहिली नोंद मिळाली. नोंद कसली, गॅल्व्हानोमीटरची थरथर. ही वीज मोजायची म्हणजे एका व्होल्टचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले जेमतेम पन्नास-शंभर भाग पकडायचे. आपल्या हातबत्तीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून अंदाज यावा. बेर्गर यांनी पाच वर्षे काही छापले नाही. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर तारा लावून पुनःपुन्हा पाहिले आणि १९२९ साली पहिला निबंध प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला साधारण दहा लहरी उठतात आणि डोळे उघडताच त्या मावळतात, हा त्यांचा शोध. आज आपण ज्याला ई.ई.जी. म्हणतो तो हाच. देशात फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखविला तेव्हा जग ऐकू लागले.

बेर्गर यांच्या चरित्राचा शेवट मात्र गाळून पुढे जाता येत नाही. हिटलरच्या राजवटीत कोणत्या रुग्णांची सक्तीने नसबंदी करायची याचे निवाडे देणारी आनुवंशिक आरोग्य न्यायालये होती. येनाच्या अशा न्यायालयात त्यांनी काम केले. १९४१ साली त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपविले. ज्या विद्येने पुढे लुळ्या-मुक्या रुग्णांना वाचा दिली तिचा आद्य पुरुष रुग्णांना संतती असावी की नसावी हे ठरविणाऱ्या बाकावर बसला होता. कित्येक पुस्तकांत त्यांचे भाबडे चित्र रंगविलेले असते. मला ते पटत नाही.

पुढची तीसेक वर्षे ही लहर फेफऱ्याचे आणि झोपेचे निदान करण्यात रमली. तिच्याकडून काम करून घ्यावे ही कल्पना नंतरची. १९६९ मध्ये सिएटलच्या एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाला खाऊच्या लालचीने मेंदूतली एकच पेशी जोराने चालवायला शिकविले. १९७३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या झाक विदाल या प्राध्यापकांनी मेंदू आणि संगणक यांच्या थेट संवादाची कल्पना निबंधरूपाने मांडली, आणि या विद्येला आजचे इंग्रजी नाव मिळाले तेही त्यांच्याच लेखणीतून. ज्या काळात संगणक एका खोलीत मावत नसे त्या काळातली ही गोष्ट.

अक्षरे मात्र १९८८ साली आली. इलिनॉय विद्यापीठातल्या फारवेल आणि डोंचिन यांनी पडद्यावर सहा ओळी आणि सहा रकाने मांडले. छत्तीस घरे, त्यांत इंग्रजीची सव्वीस अक्षरे आणि काही आज्ञा. आता एकेक ओळ, एकेक रकाना उलटसुलट क्रमाने झळकू लागतो. माणसाने फक्त हव्या त्या अक्षराकडे लक्ष ठेवायचे. वर्गात हजेरी चालू असते तेव्हा पोरांचे लक्ष कुठेही असते, पण स्वतःचा क्रमांक आला की कान टवकारतात. मेंदूचेही तसेच आहे. वाट पाहत असलेली, क्वचितच येणारी गोष्ट समोर आली की साधारण तीनशे सहस्रांश सेकंदांनी त्याच्यात एक उंचवटा उठतो. १९६५ पासून तो माहीत होता. कोणत्या ओळीला आणि कोणत्या रकान्याला उंचवटा उठला हे संगणकाने पाहिले की त्यांच्या छेदावरचे अक्षर सापडते. एकदाच्या झळकण्यावर भरवसा नसतो, म्हणून पुष्कळदा झळकवून सरासरी काढायची. वेग, मिनिटाला दोन-सव्वादोन अक्षरे. तोही धडधाकट विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात. मामींचा पुठ्ठा आणि हा पडदा यांत तत्त्वाचा फरक नाही. आधी ओळ, मग अक्षर. फरक एवढाच की इथे पापणीचीही गरज उरली नाही.

इंग्रजीला छत्तीस घरे पुरली. आपल्याला? रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पुढे देवनागरीसाठी असाच पडदा तयार केला. त्यात आठ ओळी आणि आठ रकाने, म्हणजे चौसष्ट घरे लागली. सहा बाय सहाच्या पडद्यावर एका फेरीत बारा वेळा झळक होते, आठ बाय आठच्या पडद्यावर सोळा वेळा. म्हणजे आपल्या अक्षरागणिक श्रम आणि वेळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त. त्यात काना-मात्रा आणि जोडाक्षरे निराळी. आपली लिपी उच्चाराशी इमानदार आहे याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तही आहे. पण ज्याच्यापाशी मिनिटाला दोनच अक्षरांचे धन आहे त्याला 'स्वातंत्र्य' हा शब्द किती महाग पडेल, याचा हिशेब आपण कधी केला नव्हता.

ट्युबिंगेनच्या मंडळींनी निराळी वाट घेतली होती. त्यांनी मुळाक्षरांचे दोन भाग केले. हवे ते अक्षर ज्या भागात आहे तो पडद्यावर आला की रुग्णाने मेंदूतला दाब सरकवायचा. निवडलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग, पुन्हा दोन भाग, शेवटी एक अक्षर हाती. हे साधायला रुग्णांना महिनोन्महिने सराव करावा लागला. एवढे करूनही लिहिण्याचा वेग अगदी संथ. तरीही त्या वकील रुग्णाने चिकाटीने पूर्ण पत्र लिहिले हे महत्त्वाचे.

पण ज्यांचे डोळेही थांबले त्यांचे काय? २०१७ साली याच गटाने असे छापले की संपूर्ण निश्चल रुग्णांकडूनही होय-नाही अशी उत्तरे मिळविता येतात. केवढी आशा वाटली असेल कुटुंबांना! पुढे आकड्यांवर आक्षेप आले, चौकशी झाली आणि २०१९ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. २०२२ साली उज्ज्वल चौधरी, बिरबाउमर आणि सहकाऱ्यांनी नवा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी मेंदूत सुया बसविल्या होत्या. रुग्णाने मेंदूची क्रिया वाढविली की कानात स्वर चढे, कमी केली की उतरे. चढा स्वर म्हणजे होय. अक्षरांचे गट मोठ्याने वाचले जात. मिनिटाला एखादे अक्षर. डोळेही स्थिर झालेल्या त्या बापाने आपल्या लहान मुलावर प्रेम असल्याचे सांगितले, खाण्यापिण्याच्या फर्माइशी केल्या, अंथरुणातली स्थिती बदलायला सांगितले. पहिल्या निबंधाचे काय झाले ते ठाऊक असूनही दुसरा वाचताना माझे डोळे भरून आले. आधीचा डाग मात्र त्याने पुसला जात नाही. अशा रुग्णाच्या नावाने कोणी काहीही सांगितले तरी तो बिचारा नाही म्हणू शकत नाही; म्हणूनच या विद्येत पुराव्याची कसोटी इतर कोठल्याही विद्येपेक्षा कडक हवी.

सुयांचा उल्लेख आला. कवटीबाहेरून मेंदू ऐकणे म्हणजे बंद सभागृहाच्या भिंतीला कान लावणे. गलका कळतो, शब्द कळत नाहीत. १९९८ च्या सुमारास अटलांटाच्या फिलिप केनेडी यांनी एका निश्चल रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून पडद्यावरचा बाण हलविण्याइतकी मजल मारली. (याच केनेडींनी २०१४ साली बेलीझ देशात जाऊन स्वतःच्या धडधाकट मेंदूत इलेक्ट्रोड बसवून घेतले आणि काही काळ स्वतःचीच वाचा घालवून बसले. वेड म्हणावे की निष्ठा, मला ठरविता येत नाही.) २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या जॉन डोनह्यू यांच्या गटाने मानेवर सुरीचा वार होऊन लुळ्या झालेल्या एका तरुणाच्या मेंदूत चार मिलिमीटर चौरसाची, जवळजवळ शंभर सुयांची चकती बसविली. त्याने मनाने बाण हलवून संगणकावरची टपाले उघडली. २००६ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेथून पुढे वेग वाढतच गेला.

मला, शाळामास्तराला, सगळ्यांत भावलेला प्रयोग २०२१ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक विलेट आणि सहकाऱ्यांनी २००७ पासून हात निकामी झालेल्या पासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांना सांगितले, 'हातात लेखणी आहे असे समजा आणि कागदावर लिहा.' हात हलत नव्हता. पण मेंदूत हात हलविणाऱ्या भागात प्रत्येक अक्षराचे वळण जसेच्या तसे उठत होते. संगणकाने ते ओळखले. मिनिटाला नव्वद अक्षरे! शंभरात चौऱ्याण्णव बरोबर, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीची मदत घेतली की जवळजवळ सगळीच. कित्येक वर्षे हातात लेखणी धरली नव्हती तरी वळण पुसले गेले नव्हते. पाटीवर गिरवून घेतलेले अक्षर एवढे खोल जाते, हे कोणी मला आधी सांगितले असते तर पहिलीच्या वर्गाकडे मी अधिक आदराने पाहिले असते. या पद्धतीत एकेका अक्षराची चाल दुसऱ्यापासून जितकी वेगळी तितके यंत्राला सोपे. मग वाटले, हात न उचलता सलग धावणारी आपली मोडी त्याला सोयीची पडती की गुंत्याची? असो. हे माझे दिवास्वप्न.

यानंतर मंडळी लेखणी सोडून जिभेकडे वळली. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यवैद्य एडवर्ड चँग यांच्या गटाने २०१३ साली दाखविले होते की बोलताना मेंदूच्या एका पट्टीत ओठ, जीभ, जबडा आणि स्वरयंत्र यांच्या हालचाली आपापल्या जागी नोंदल्या जातात. मेंदू 'प' हे अक्षर म्हणून साठवीत बसत नाही. ओठ मिटा आणि उघडा, अशी आज्ञा देतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी ज्याची वर्णमाला लावलेली आहे त्या माणसाला हे वाचून ओळखीचे वाटणारच. आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्यांनी तोंडाकडे नीट लक्ष देऊन पाहिले होते, एवढेच म्हणतो, आणि ते काही थोडे नाही.

तर ही यंत्रे मनातले विचार ओळखत नाहीत. बोलू पाहणारे तोंड कोणत्या हालचाली करू इच्छिते ते ओळखतात. २०२१ मध्ये चँग यांच्या गटाने पंधरा वर्षांहून अधिक काळ अबोल असलेल्या एका गृहस्थांच्या मेंदूवर इलेक्ट्रोडांचा पत्रा ठेवून पन्नास शब्दांची वाचा दिली. मिनिटाला पंधराच्या आसपास शब्द. २०२३ मध्ये त्याच गटाने कॅनडातल्या एका बाईंना मिनिटाला अठ्ठ्याहत्तर शब्दांपर्यंत नेले. माध्यमिक शाळेत गणित शिकविणाऱ्या या बाईंची वाचा २००५ साली, तिसाव्या वर्षी गेली होती. यंत्राला आवाज द्यायचा तर कोणाचा? त्यांच्या लग्नाच्या चित्रफितीतला त्यांचाच आवाज घेऊन तो घडविला. त्याच दिवशी स्टॅनफर्डचाही निबंध निघाला. सव्वा लाख शब्दांचा साठा, मिनिटाला बासष्ट शब्द, पण चारांतला जवळजवळ एक चुकलेला. वर्षभरात, ऑगस्ट २०२४ मध्ये, डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मामांच्याच रोगाने वाचा जवळजवळ गेलेल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचे प्रकरण छापले. तेवढाच शब्दसाठा आणि शंभरात सत्त्याण्णव शब्द बरोबर. २०२५ मध्ये तेथीलच मैत्रेयी वैरागकर आणि सहकाऱ्यांनी शब्दांच्या मधल्या पायरीशिवाय थेट आवाज काढून दाखविला. प्रश्न विचारताना चढणारा सूर त्यात येतो, साधी चालही गुणगुणता येते. हे नाव वाचताना आपल्या माणसाची नजर थबकल्याशिवाय राहत नाही.

शंभरात सत्त्याण्णव शब्द नुसत्या सुयांच्या जोरावर आलेले नाहीत. मेंदूतून येते ते अर्धवट असते. मग भाषेची चाल शिकलेली आज्ञावली ठरविते की या दोन ध्वनींनंतर कोणता शब्द संभवतो. बोबींच्या अक्षरक्रमाची गोष्ट ती हीच, फक्त अवाढव्य. ही आज्ञावली इंग्रजीतल्या अफाट मजकुरावर पोसलेली आहे. जिच्यात मजकूर थोडा, किंवा आहे तो छापील थाटाचाच, तिच्या माणसाला हे यंत्र जुळविले तर ते त्याचे म्हणणे कशात ओढील? 'आज जरा बरं वाटतंय' याचे 'आज प्रकृतीत सुधारणा आहे' करील, आणि आपल्याकडच्या कानडी हेलाच्या मराठीला तर शुद्धलेखनाच्या चुका समजेल.

येथे २०२१ च्या त्या पन्नास शब्दांच्या गृहस्थांकडे परत यायला हवे. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हतीच. ते स्पॅनिश घरातले. इंग्रजी ते आघातानंतर शिकले. म्हणजे पहिल्यांदा यंत्राने वाचा दिली ती त्यांच्या दुसऱ्या भाषेत. चँग यांच्या गटाला हे खुपले असावे. मे २०२४ मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ दोनशे शब्द होते, स्पॅनिश आणि इंग्रजी एकत्र. कोणती भाषा ते आधी बटण दाबून सांगायचे नाही. ते गृहस्थ मनात वाक्य म्हणायला लागत, आणि यंत्र दोन्ही भाषांतली वाक्ये जुळवून पाहून ज्यात अर्थ लागतो ते उचले. पहिल्याच शब्दावरून भाषा ओळखण्यात शंभरात अठ्ठ्याऐंशी वेळा यश आले, पूर्ण वाक्य बरोबर येण्यात पंचाहत्तर वेळा. आणखी एक गोष्ट निघाली. दोन भाषांसाठी मेंदूत दोन वेगळी दालने सापडली नाहीत. तोंडाच्या हालचाली त्याच, जागा तीच. एका भाषेवर शिकविलेल्या यंत्राला दुसरी शिकविताना पहिलीची मेहनत फुकट गेली नाही. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी अशी ज्यांची जीभ घडली आहे त्यांच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा निबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ही यंत्रे अजून थोडक्यांपुरती, प्रयोगापुरती आहेत. कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाचे भय असते आणि खर्च तर विचारूच नये. ज्याचे डोळे चालतात त्याला आजही पुठ्ठा किंवा नजर टिपणारा संगणक पुष्कळ उपयोगी पडतो, आणि आधी तेच करावे. पण एक गोष्ट कोणालाही आज करता येते आणि तिला सुई लागत नाही. घरात कोणाला असा रोग जडल्याचे निदान झाले तर वाचा आहे तोवर त्या माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. भाषण नको, रोजचे बोलणे. नातवाला हाक मारणे, भाजीवालीशी घासाघीस, आणि जी भाषा ज्याच्याशी बोलली जाते त्या भाषेत.

मामा २००० सालच्या उन्हाळ्यात गेले. पुठ्ठा मामींनी बरीच वर्षे जपला होता, पुढे वाळवीने खाल्ला. मामांच्या आवाजाची एक कॅसेट मात्र मामेभावापाशी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातले आभारप्रदर्शन, चारेक मिनिटांचे. मागे पोरांचा गोंगाट आहे. सगळे मराठीत बोलून झाल्यावर मामा क्षणभर थांबतात, घसा साफ करतात, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांसाठी दोन वाक्ये कानडीत बोलतात.